भाला परत गेला

पुग्वान,
३ मार्च १९७४

आदिंग बाग्तांग, माझ्या धाकट्या भावा,

बसून वाच असं म्हणायची सोय नाही, पायाला प्लॅस्टर घातल्यापासून तू बसलेलाच आहेस. तरी मन घट्ट कर. आमा गेले, आपला बाप गेला. ताप आला, डोक्यात चढला आणि गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांना घरामागे आईच्या शेजारी पुरलं. एक डुक्कर कापलं.

तू यायचं नाहीस. हाड जुळेपर्यंत हलायचं नाही असं खाणीच्या डॉक्टरने सांगितलंय, तर हलू नकोस. इथे रडायला माणसं पुष्कळ आहेत. मी धरून.

तुला माहीत आहे, आमा सकाळी डुकरांची हजेरी घ्यायचे. कॅप्टनसाहेबांचं ते शेवटचं सैन्य, आपण दोघं किती हसायचो. आज सकाळी डुकरं कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी आमांच्या आवाजात एकेकाचं नाव घेतलं, पण एकही हललं नाही. मग मी तिथेच चिखलात बसून रडले.

गावान तुझ्याजवळ आहे, तेवढा एक मला आधार. दरडीखालून तुला ओढून काढणारा माणूस तुला उपाशी ठेवणार नाही. त्याला म्हणावं, भात मऊ शिजव, तुझं पोट लहानपणापासून नाजूक आहे.

तुझी मनांग, थोरली बहीण,
ओग्गाय


खाणीची चाळ,
११ मार्च

मनांग,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी पाय मोडून पडलोय, अक्कल मोडून नाही.

तापाने मेलेल्या म्हाताऱ्याला पुग्वानमध्ये दुसऱ्या दिवशी पुरतात का? शेजारच्या दारुड्या म्हाताऱ्याला मेल्यावर आपण आठवडाभर खुर्चीत बसवलं होतं, माश्या हाकून हात दुखले होते. आणि कोरियात लढलेल्या कॅप्टनला, बोदोंगच्या, नदीपलीकडच्या सागातशी असलेल्या तहाच्या, धन्याला, तुम्ही एका रात्रीत उरकलं? एका डुकरात? तू गान्सा, त्या पितळी थाळ्या, वाजल्याचं लिहिलं नाहीस. त्या वाजल्याच नसणार. ज्याला पातं लागून मरण आलं, त्याच्यासाठी सूड घेईपर्यंत आपण गान्सा वाजवत नाही. मला शिकवायला जाऊ नकोस.

आमांना कोणी मारलं?

गावान समोर बसून कॉफी उकळतोय. आमा गेल्याचं मी त्याला सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून रडला. म्हणाला, तुला पाठीवर घालून पुग्वानला नेतो. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की जीव नकोसा होतो, तो रोज संध्याकाळी खाली बसून तारेने खाजवून देतो. सागातची माणसं वाईट नाहीत असं आमा म्हणायचे ते याच्याकडे बघून पटायचं. पण तुझं पत्र वाचल्यापासून मला कोणाचंच काही पटत नाही.

तुझ्या पोटात आतडं फुटलं होतं ते आठवतं? तू अकराची असशील. आमांनी तुला पाठीला बांधलं आणि नदी ओलांडून सागातच्या वाटेने पळत निघाले. मी आणि वाइलान मागून रडत. सागातच्या वेशीवर आमांनी नुसती हाक मारली, "माझी पोर मरतेय." बोदोंगमुळे त्या गावातले गडी घराघरांतून बाहेर आले आणि तुला खांद्यावरून खांद्यावर घेत रस्त्यापर्यंत नेलं. आमांचे पाय रक्ताने भरले होते, आणि दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं तर तुझी वेणी घातली. मोठ्या लढाईतून आलेला माणूस, वेणी मात्र वाकडीच घालायचा.

त्या माणसाला कोणी कापलं आणि मी इथे भात मऊ करून खाऊ? नाव लिही. आणि वाइलानला विचार, तो काय करतोय. आमांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, आपल्या ताटातलं काढून त्याला दिलं. चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, एव्हाना त्याने पातं घासायला हवं होतं.

बाग्तांग


पुग्वान,
१७ मार्च

आदिंग,

ठीक आहे. ताप नव्हता. बोलोचा, लांब कोयत्याचा, घाव होता, मानेवर, डाव्या बाजूने. आता समाधान झालं?

भाताच्या कोठाराजवळ झालं. मी ओरडणं ऐकून धावले तर आमा गुडघ्यांवर होते आणि मान दोन्ही हातांनी धरून होते. बोटांतून रक्त फुसफुसत येत होतं. मी माझा तापिस, कमरेचं लुगडं, काढून जखमेत कोंबला. सगळ्या गावासमोर मी परकरावर होते आणि मला त्याचं भान नव्हतं. आमांच्या तोंडातून शब्दांबरोबर रक्ताचे बुडबुडे येत होते. त्यांनी मला एक हुकूम दिला आणि मी तो पाळणार आहे. नाव तुला सांगायचं नाही, हाच तो हुकूम. आयुष्यभर त्यांचं ऐकलं नाही, हे एक ऐकते.

वाइलान वरच्या रानात आहे, नवीन जमीन तोडतोय. त्याचं नाव या भानगडीत घेऊ नकोस.

आमांच्या मागे बोदोंग आता माझ्याकडे आलाय. थोरलं मूल मी, दुसरं कोण घेणार? तहाची खूण म्हणून सागातने दिलेला भाला चुलीवरून काढला आणि परत गेला. सगळं रीतीप्रमाणे झालं. घर ओकंबोकं दिसतंय.

हे पत्र गावानला दाखवू नकोस आणि त्याच्याजवळ काही बोलूही नकोस. त्याला जे कळायचं ते त्याच्या माणसांकडून कळेल. आणि पाय बरा झाला तरी मी कळवेपर्यंत सागातच्या रस्त्याने येऊ नकोस. एवढं माझं ऐक.

ओग्गाय


खाणीची चाळ,
२४ मार्च

मनांग,

तू नाव लिहिलं नाहीस तरी लिहिलंस. तुझ्याकडे आला तो नावापुरता, भाला परत गेला म्हणजे बोदोंग तुटला. सागातचा रस्ता बंद. गावानला सांगू नकोस. मी काय कालचं पोर आहे?

मी आमांचा सूड घेतला. आता त्यांच्यासाठी गान्सा वाजवा.

काल संध्याकाळी तो नेहमीसारखा तार घेऊन आला. खाली बसला, मान वाकवली, म्हणाला, "आज कुठे चावतंय कॅप्टनच्या पोराला?" माझ्या उशाखाली दगड फोडायचा हातोडा होता. मी दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या डोक्याच्या मागे घातला. हाड आत गेल्याचं हाताला कळलं. तो पडला नाही, मनांग. माझ्या प्लॅस्टरला मिठी मारून तसाच बसला आणि वर बघत राहिला. मग मी पुन्हा घातला, कपाळावर, आणि तो पडेपर्यंत घालत राहिलो. प्लॅस्टर गुडघ्यापर्यंत लाल झालंय.

चाळीतल्या गड्यांनी दार लावून घेतलं. हे दोन गावांचं आहे, यात खाणीचा संबंध नाही, असं सगळ्यात वयस्क गडी म्हणाला. त्यांनी त्याला बोगद्यात नेऊन ठेवलं आणि पहारेकऱ्याला सांगितलं, दरड पडली. प्रेत सागातला धाडलंय. तिथे दरड म्हणून कोणी फसणार नाही, आणि फसू नये. त्यांना कळू दे.

मी पुन्हा पुन्हा हात धुतोय. आमा कोरियाहून आल्यावर असेच हात धूत राहायचे, तुला आठवतं? पण मी बरोबर केलं. तू एकदा तसं लिही.

बाग्तांग


पुग्वान,
२९ मार्च

बाग्तांग,

तुझे हात तुटून पडले असते तर बरं झालं असतं.

सागातने आमांच्या केसाला धक्का लावला नाही. बोदोंग तुटला नाही. अरे मूर्खा, धनी मेला की भाला परत जातो आणि तिकडचा धनी तोच भाला नव्या धन्याच्या हाती पुन्हा देतो. तू कधी धनी मेलेला पाहिलाच नाहीस, तर तुला कसं ठाऊक असणार? मलाही त्या दिवशीच कळलं. आणि मी शहाणी, "परत गेला" एवढंच लिहून मोकळी झाले, पुढचं वाक्य लिहायला मला मेलीला सुचलं नाही.

आता सगळं ऐक. आमांना वाइलानने मारलं.

बाजाराच्या दिवशी तो दारू पिऊन सागातच्या एका माणसाशी कोंबड्यावरून भांडला आणि त्याचा पंजा मनगटापासून उडवला. तो माणूस गावानचा सख्खा मामा. म्हणून मी म्हटलं होतं, त्याला त्याच्या माणसांकडून कळू दे. नियम तुला पाठ आहे. आपल्या माणसाने त्यांचं रक्त काढलं तर आपल्या धन्याने स्वतः आपल्या माणसाचं रक्त काढायचं, त्यांनी पातं उचलायच्या आत. आमांनी दाढी केली, स्वच्छ सदरा घातला. मला म्हणाले, "ओग्गाय, मी गेलो तर दोन बोटांवर भागेल. ते आले तर पोराचं मुंडकं जाईल." पोरगं वाचवायला निघाला होता तो माणूस. पण वाइलान कोठारामागे भेदरून बसला होता, त्याला वाटलं काका जीवच घ्यायला आले. आमा म्हणाले, "हात पुढे कर." त्याने बोलो चालवला.

आमांचा हुकूम काय होता ते आता सांगते, आता राहिलंय काय लपवायला. "बाग्तांगला सांगू नकोस. तो वाइलानला मारेल. माझी पोरं एकमेकांना मारतील." मान फाटलेली, श्वास नळीतून शिट्टीसारखा येतोय, आणि त्यांना पडलीय वाइलानची.

गावानचा बाप कोण, तेही विसरलास? आपो सुमाक, सागातचे धनी. आमांना पुरलं तेव्हा खड्ड्यात उतरून त्यांनी आमांचं डोकं आपल्या हातांनी ठेवलं होतं. भाला गेल्यावर आठवड्याने ते मला तो परत देऊन गेले आणि म्हणाले, हाताचं देणं तुझ्या बापाच्या रक्ताने फिटलं, आता तू माझी मुलगी. परवा त्यांच्या एकुलत्या एका मुलाला बसच्या टपावरून उतरवलं. डोक्याला गोणपाट बांधलं होतं, कारण डोकं राहिलं नव्हतं.

काल ते एकटे आले. मी पाणी पुढे केलं, ते प्यायले नाहीत, वैऱ्याच्या घरचं पीत नाहीत तसे. म्हणाले, "तुझा बाप दिवस मावळायच्या आत आपल्याच पोरावर पातं घेऊन गेला होता. तू त्याची मुलगी आहेस, म्हणून मी कापणीपर्यंत पोरांना धरून ठेवतो. मग माझं कोणी ऐकणार नाही." मी म्हटलं, "आपो, तो माझा सख्खा भाऊ आहे." ते म्हणाले, "गावान माझा कोण होता?" आणि उठून गेले.

कापणीनंतर सागातच्या वाटेने जो पुग्वानचा माणूस जाईल तो मरेल. शाळेची पोरं त्याच वाटेने जातात. तूच सांग आता, मी धनीण म्हणून काय करू?

ओग्गाय


खाणीची चाळ,
६ एप्रिल

मनांग,

पत्र वाचलं. त्यानंतर मी दोन दिवस काही खाल्लं नाही, मग खाल्लं. भूक लागते, लाज वाटते तरी लागते.

त्याने हात वर केला नाही. हे मी तुला लिहिलं नव्हतं. पहिल्या घावानंतर वर बघत तो म्हणाला, "लागलं का तुला?" त्याला वाटलं दरड पडली, आमच्या दोघांवर. मी पुन्हा हातोडा उचलला तेव्हाही तो माझा पाय झाकत होता.

वाइलानवर मला राग यायला हवा. शोधला, सापडत नाही. तो भ्याला आणि त्याने चालवला. मी भ्यालो नव्हतो. तो कुठे लपलाय ते मला कळवू नकोस, मी त्याला हात लावणार नाही. आमांचा तेवढा हुकूम तरी पाळला जाऊ दे.

तू विचारतेस, काय करू. आमांनी काय केलं असतं ते तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. डॉक्टर बारा तारखेला प्लॅस्टर कापणार. पंधराच्या बसने निघतो. पुलाशी उतरेन. दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस, तूच ये. आमांचा बोलो आण, तो जड आहे, एका घावात काम होतं. मी पळणार नाही आणि तुझ्याकडे बघणारही नाही, म्हणजे तुला सोपं जाईल.

लहानपणी आपण भांडलो की आमा दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचे, हसू येईपर्यंत. मला तेच सारखं आठवतंय. तू मोठी, म्हणून तू नेहमी आधी हसायचीस.

माझी कोणाबद्दल तक्रार नाही. तुझ्याबद्दल तर मुळीच नाही.

तुझा आदिंग,
बाग्तांग


पुग्वान,
१२ एप्रिल

बाग्तांग,

हे पत्र कंडक्टरच्या हाती देऊन त्याला बजावलंय, तू बसमध्ये पाय ठेवायच्या आत ते तुला मिळालं पाहिजे.

पुलाशी तुझी वाट बघणारं कोणी नाही. सागातचा रस्ता मोकळा आहे. सुमाक माझ्या घरी पाणी प्यायले.

वाइलान इतके दिवस वरच्या रानातल्या खोपीत होता आणि मीच त्याला भात नेऊन देत होते. आमांना पुरलं त्या संध्याकाळपासून. शिव्या देत द्यायचे, पण द्यायचे. तो जेवताना मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. पोरगं वाळून गेलं होतं. रोज विचारायचा, काकांच्या कबरीवर छप्पर घातलं का, पाऊस लागेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्याच्यासाठी डुकराचं मांस शिजवलं. खोपीत गेले तेव्हा त्याने ताटाकडे पाहिलं, मग माझ्या पाठीवर बांधलेल्या आमांच्या बोलोकडे पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं. गावान, हातोडा, कापणीपर्यंतची मुदत, तुझी पंधराची बस. तो जेवत होता. सागातला एक जीव द्यायचाय, मी म्हटलं, आणि आमांच्या घरातला द्यायचाय. मला वाटलं तो पळेल. मनातून मी देवाची करुणा भाकत होते की हा पळू दे, म्हणजे मला हे करावं लागणार नाही.

तो पळाला नाही. हात धुतले. विचारलं, "बाग्तांगचा पाय वाकतो का आता?" मी म्हटलं, वाकेल. मग म्हणाला, "मनांग, मागून कर. तुझं तोंड दिसलं तर मी पुन्हा काहीतरी करून बसेन." आणि गुडघ्यांवर बसून त्याने मानेवरचे केस स्वतःच पुढे घेतले.

एका घावात काम होतं असं तू लिहिलंस. होत नाही. पहिला घाव खांद्यात बसला, हाडात अडकला. पाय लावून ओढावा लागला. तो किंचाळला आणि मग म्हणाला, "हं, हं, पुन्हा." दुसरा मानेत बसला पण पुरता नाही. तिसरा घातला तेव्हा मी डोळे मिटले होते. रक्त माझ्या तोंडात गेलं. मी तिथेच ओकले, आणि मग त्याच्या अंगावर पडून किती वेळ ओरडत होते मला माहीत नाही. खालच्या मळ्यातल्या माणसांनी येऊन मला बाजूला केलं आणि त्याला घरी नेलं.

तशीच, न धुता, मी सागातला चालत गेले. वेशीवर पोरं पाती घेऊन उभी होती, माझ्याकडे बघून त्यांनी वाट दिली. आपो सुमाकांनी विचारलं, "भाऊ?" मी म्हटलं, "भाऊ." खोटं नव्हतं ते. ते माझ्यामागून आपल्या घरापर्यंत आले, प्रेताचं तोंड पाहिलं, कोण ते ओळखलं, तरी पाणी मागून घेतलं. मग आम्ही दोघं चुलीपुढे बसलो. त्यांनी गावानचं नाव घेतलं नाही, मी वाइलानचं घेतलं नाही.

वाइलानला मी आमांच्या शेजारी पुरलंय. तू शब्द दिला होतास, वाइलानला हात लावणार नाही म्हणून. तुझा शब्द तू पाळलास. आमांचा हुकूम मोडला तो मी.

तू आलास की तुला वाटेल माझ्या गळ्यात पडून रडावं. पडू नकोस, निदान काही दिवस. मला तुझा राग येतो आणि तू जिवंत आहेस म्हणून देवाचे आभारही मानते, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं कुठलं त्या दिवशी वर येईल सांगता येत नाही. पण ये. कापणीला हात कमी आहेत. सुमाकांच्या शेतात तर कोणीच उरलं नाही, त्यांचं भात आधी तू कापायचंस, दर वर्षी, ते आहेत तोपर्यंत. तोंड खाली घालून कापायचं आणि ते बोलतील ते ऐकून घ्यायचं.

आणि पुन्हा कधी मला लिहू नकोस की माझा जीव घे. आमांची तीन पोरं होती. एकाला मी माझ्या हातांनी मारलं, दुसऱ्यासाठी. आता तू जगायचंस, मन लागो वा न लागो, म्हातारा होईपर्यंत. धनीण म्हणून मी तुला हीच शिक्षा देते.

ओग्गाय